बँकेतनं वॉर्डात: उल्ममधलं पहिलं वर्ष

१ ऑक्टोबरला मला इथं काम सुरू करून एक वर्ष झालं. वर्षभरात ओळखीतल्या, ओळखीच्या ओळखीतल्या कितीतरी मुलामुलींनी विचारलं की ताई आउसबिल्डुंगला, म्हणजे काम करत शिकायच्या कोर्सला, यायचंय, काय करू, आणि प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. मी मूळची कराडची, बी.कॉम., पुण्यात एका बँकेत साडेपाच वर्षं लोन डेस्कला होते. आता जर्मनीत उल्मला हॉस्पिटलमध्ये फ्लेगेची, म्हणजे नर्सिंगची, तीन वर्षांची आउसबिल्डुंग करतेय. वय ३०. हो, तिशीत चालतं, माझ्या वर्गात ४३ वर्षांच्या एक बाई आहेत, दोन मुलांची आई.

सगळ्यात आधी जे सांगायचंय ते सांगते, बाकी वाचलं नाही तरी चालेल. देश आधी ठरवू नका, काम आधी ठरवा. आमच्या बॅचमधले दोघं पहिल्या सहा महिन्यांतच सोडून गेले, हे पहिले सहा महिने प्रोबेत्साइट, म्हणजे चाचणीचा काळ असतो, कुणीही करार मोडू शकतं. दोघंही हुशार, भाषा माझ्यापेक्षा चांगली. पण त्यांना जर्मनी हवी होती आणि त्यातल्या त्यात सोपा दरवाजा म्हणून त्यांनी नर्सिंग घेतलं होतं. पहिल्या आठवड्यात एका आजोबांचं डायपर बदलायची वेळ आली आणि तिथंच मन मागं फिरलं. त्यांना मी अजिबात नावं ठेवत नाही, फक्त वाईट वाटतं की हे त्यांना सांगलीत किंवा नाशकात बसूनही कळलं असतं. म्हणून माझं कळकळीचं म्हणणं, एजंटला एक रुपया द्यायच्या आधी आपल्या गावातल्या वृद्धाश्रमात किंवा हॉस्पिटलमध्ये आठ-दहा दिवस परवानगी काढून नुसतं हाताखाली काम करा. आंघोळ घाला, भरवा, बेडपॅन द्या. मग ठरवा.

मी हे आजीमुळे ठरवलं. ती चौदा महिने अंथरुणाला खिळून होती, आई आणि मी आळीपाळीनं करायचो, बँकेतनं शुक्रवारी रात्रीची एसटी धरून कराडला जायचे आणि रविवारी रात्री परत. तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की हे करताना मला कंटाळा येत नाही, उलट बँकेत दिवसभर हप्ता थकलेल्यांना फोन करून घरी आलं की जे ओझं वाटायचं ते इथं वाटत नाही. घरात सांगितल्यावर काका म्हणाले, बँकेतली नोकरी सोडून परक्या लोकांचं शी-शू काढायला जाणार का? मला ते फार लागलं. आई मात्र म्हणाली, आजीचं केलंस ते काय होतं मग? तिच्या त्या एका वाक्यावर मी इथवर आलेय.

आता कागदपत्रांचं. ज्यांचं जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालंय त्यांचा रस्ता वेगळा, त्यांनी अनेरकेन्नुंग म्हणजे डिग्रीला मान्यता मिळवायची असते, त्यांनी आउसबिल्डुंगमध्ये परत तीन वर्षं घालवू नयेत. माझ्यासारखे दुसऱ्या फील्डमधले असतील त्यांच्यासाठी हे. बारावीचं सर्टिफिकेट इथल्या शाळेच्या बरोबरीचं आहे का ते तपासून घ्यावं लागतं, आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात ते श्टुटगार्टच्या ऑफिसातनं होतं. मग हॉस्पिटलशी करार, आणि करार हातात आल्यावर व्हिसा. स्टायपेंड पुरेसा असल्यामुळे मला ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं, लागलं नाही. गोवराची लस घेतल्याचा पुरावा मात्र लागतोच, २०२० पासून तसा कायदाच आहे, लहानपणचं लसीकरणाचं कार्ड आईकडनं शोधून आणा.

आणि पैसे. मी पुण्यातल्या एका एजंटला अडीच लाख दिले. इथं आल्यावर कळलं की २०२० ला जो नवा नर्सिंग कायदा लागू झाला त्यानुसार शाळेला फी नाही, उलट हॉस्पिटल आपल्याला दर महिन्याला पैसे देतं, आणि ज्या जागेसाठी मी अडीच लाख मोजले तशा जागा इथल्या सरकारी रोजगार खात्याच्या साइटवर आणि 'मेक इट इन जर्मनी' या सरकारी पोर्टलवर कुणालाही दिसतात. अर्ज जर्मनमध्ये करायचा, मुलाखत व्हिडिओवर, बस. माझे गेले, तुमचे तरी वाचावेत.

हातात किती येतात हे सगळेच विचारतात. सरकारी पगारकरारात बसणाऱ्या हॉस्पिटलात मी लागले तेव्हा पहिल्या वर्षाला १३४० युरो होते, एप्रिल २०२५ पासून ७५ वाढले. विमा, पेन्शन वगैरे कापून सुरुवातीला १०६० च्या आसपास हातात. हॉस्टेलची खोली ३८० ला, प्रवासाचा महिन्याचा पास, डॉइचलांड टिकेट, २०२५ मध्ये ५८ होता, जेवणखाण घरी केलं तर दीडशे-दोनशे. महिन्याला दोनशे युरो घरी पाठवते. इंजिनीअर मित्रमैत्रिणींशी तुलना करू नका, हे शिकताना मिळणारे पैसे आहेत.

भाषेबद्दल मला खूप बोलायचंय. मी पुण्यात मॅक्सम्युलर भवनला संध्याकाळची बॅच केली, ए१ या पहिल्या पायरीपासून बी२ या चौथ्या पायरीपर्यंत सोळा महिने लागले. बी२ चे चार भाग, प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात, मी बोलण्यात राहिले, तेवढाच भाग परत दिला आणि पास झाले. वाटलं आता जमलं. इथं पहिल्या दिवशी एक आजी मला काहीतरी म्हणाल्या, एक शब्द कळला नाही. ती श्वेबिश, इकडची बोली. पुस्तकात 'इश हाबे' शिकलो ते इथं 'ई हान', थोडंसं म्हणजे 'बिसले'. पुण्यात शिकून मालवणात उतरल्यासारखं झालं. एकदा एक काका म्हणाले 'मीर इश श्लेष्ट', मी शब्दशः घेतलं की त्यांना वाईट वाटतंय, बसून विचारपूस करायला लागले, तर त्यांना मळमळत होतं आणि बाउल हवा होता. चादर बदलावी लागली. तेव्हापासून वही खिशात असते.

वेळ सांगायची पद्धत तर नक्की शिकून या. मला सिस्टर म्हणाल्या, पेशंटला 'फिअर्टेल त्स्वाय' ला फिजिओकडे न्यायचंय. फिअर्टेल म्हणजे पाव, त्स्वाय म्हणजे दोन, मी सव्वादोन समजले. तो सव्वाएक होता. पेशंटची वेळ गेली आणि त्यांना परत दोन दिवस थांबावं लागलं, माझ्यामुळे, त्या रात्री मला झोप आली नाही. या भागात दुसऱ्या तासाचा किती भाग झाला असं मोजतात, पाव झाला की सव्वाएक, अर्धा म्हणजे 'हाल्ब त्स्वाय' झाला की दीड, पाऊण झाला की पावणेदोन. एकदा हे डोक्यात बसलं की आपल्याला जड जात नाही, सव्वा-दीड-पावणे आपल्या रक्तातच आहे. तसेच आकडे, पंचवीसला ते पाच-आणि-वीस म्हणतात, आपणही पंच-वीसच म्हणतो, आधी एकक मग दशक. वर्गातल्या बाकीच्या देशांच्या मुलांचे फोन नंबर लिहिताना उलटे व्हायचे, माझा एकदाही झाला नाही. पेशंटला 'झी' म्हणजे अहो-जाहो, तेही सवयीचं. पण वॉर्डप्रमुख बाई अठ्ठावन्न वर्षांच्या आणि पहिल्याच दिवशी म्हणाल्या मला 'डू' म्हण. त्यांना अरे-तुरे करायला माझी जीभ तीन आठवडे वळत नव्हती.

शिक्षण म्हणजे तीन वर्षांत वर्गातले २१०० तास आणि वॉर्डातले २५०० तास, काही आठवडे शाळा, काही आठवडे काम असं आलटून पालटून. हॉस्पिटल, वृद्धाश्रम, घरोघरी जाऊन सेवा, सगळीकडे पाठवतात. शेवटी लेखी, तोंडी, प्रॅक्टिकल अशी सरकारी परीक्षा. वॉर्डातल्या वेळेपैकी निदान दहा टक्के वेळ प्राक्सिसअनलायटरनं, म्हणजे शिकवणाऱ्या सिनिअरनं, तुमच्यासोबत राहून शिकवायचंच असतं. माणसं कमी असली की हे पहिलं गळतं. मी सुरुवातीला गप्प बसले, नवीन आहोत म्हणून. तसं करू नका, तास लिहून ठेवा आणि शांतपणे मागा, इथं मागणाऱ्याला उद्धट समजत नाहीत.

नोव्हेंबरला मात्र मनाची तयारी ठेवा. डॅन्यूबवरचं धुकं दिवस दिवस हलत नाही, साडेचारला अंधार, रविवारी दुकानं बंद, आणि तुम्ही दुपारपाळी करून दहाला खोलीवर येता तेव्हा भारतात सगळे झोपलेले असतात. मी दोन महिने नुसता भात खाल्ला. मग एका मैत्रिणीनं सांगितलं की इथल्या १०५० नंबरच्या गव्हाच्या पिठाची पोळी बरी होते, आणि बेसन इथल्या सुपरमार्केटमध्येच मिळतं. त्या रविवारी पिठलं-पोळी केली, आईला व्हिडिओ कॉल लावला आणि दोघी बराच वेळ नुसत्या रडलो.

एक गोष्ट राहिली. मार्चमध्ये माझ्या सिनिअरनं मला फिंगरटेस्ट शिकवली. ९१ वर्षांच्या एक बाई होत्या, कुशीवर वळवून आंघोळ घालत होतो, माकडहाडापाशी कातडी लालसर दिसली. सिनिअर म्हणाली, बोटानं दाब, सोड, बघ. बोट काढल्यावर जागा क्षणभर पांढरी पडून परत लाल झाली तर ठीक, अजून रक्त फिरतंय. लालच राहिली तर बेडसोरची सुरुवात, आत्ताच कूस बदलायची, भार काढायचा. ती लालच राहिली. आम्ही बाईंना तीस अंशात कलतं केलं, टाचांखाली उशी अशी दिली की टाचा हवेत राहतील, आणि पुढचे दोन आठवडे वेळापत्रक लावून वळवत राहिलो. जखम झाली नाही. आजीच्या पाठीवर अशीच लाल जागा होती, आम्ही घामोळं समजून पावडर लावत होतो. मी स्टोअररूममध्ये जाऊन पाच मिनिटं उभी राहिले.

गेल्या महिन्यात मावशीचा फोन आला, तिचे सासरे पडून आहेत, डॉक्टर आठवड्यानं येतात. मी म्हटलं, मावशी, कॅमेरा चालू कर, सासऱ्यांना कुशीवर घे, लाल दिसतंय तिथं बोट दाब. आता सोड. काय दिसतंय सांग. ती म्हणाली, पांढरं झालं... आता परत लाल होतंय. मी म्हटलं, छान, आता उशी घे, मी सांगते तशी ठेव.