अंगणात फुटक्या टाईल्सचा वळणदार बाक कसा बांधायचा (पार्क ग्वेल स्टाईल)

बार्सिलोनाच्या पार्क ग्वेलमधला रंगीबेरंगी नागमोडी बाक फोटोत तरी बघितला असेलच. आंतोनी गौदी या वास्तुविशारदाची ही बाग, काम 1900 ते 1914. त्या बाकाच्या मधलं मैदान मातीचं आहे, तिथं पडलेला पाऊस मातीतून गाळून खालच्या खांबांच्या आतनं टाकीत उतरतो आणि टाकी भरली की जादाचं पाणी पायऱ्यांवरच्या त्या फेमस सरड्याच्या तोंडातनं बाहेर. म्हणून कोल्हापुरात असला बाक करायचा तर रंगाचं नंतर बघा, पाणी कुठनं जाणार ते आधी ठरवा, आपल्याकडचा जुलै माहितीये ना!

जमिनीवर पाण्याचा पाईप टाकून वळण जमवा, आवडलं की फक्कीनं आखा. लई टाईट वळण घेऊ नका, विटा बसत नाहीत. वीटकाम दीड फूट उंच, बैठकीला मागच्या बाजूला फुटाला दोन सूत (पाव इंच) ढाळ, आणि पाठीच्या बुडाशी दर तीन फुटांवर पीव्हीसी पाईपचा तुकडा आरपार. गवंडी म्हणतील कशाला पाहिजे, तरी घालायला लावा.

टाईल्स विकत घेऊ नका. दुकानात फुटका माल पडलेला असतो, घरातल्या कान तुटलेल्या कपबश्या पण चालतात. तिथल्या बाकाचं हे तुकड्यांचं काम मुख्यतः जुजोल या गौदीच्या साथीदाराचं, नाव मात्र गौदीचंच होतं, असो. टाईल गोणपाटात गुंडाळून हातोडी मारायची, डोळ्याला गॉगल पाहिजेच. वळणावर बारके तुकडे, सपाट जागी मोठे. आधी जमिनीवर मांडून बघा, नाहीतर सगळा निळा एकीकडंच जातो.

वीटकामावर प्लास्टर करा, ते वाळल्यावर तुकडे टाईल ॲडेसिव्हनं चिकटवा, दोन तुकड्यांत एक-दोन सूत फट ठेवा, धारदार कडा पॉलिश दगडानं घासून घ्या, पोरं बसणार आहेत त्यावर. दुसऱ्या दिवशी फटीत ग्राउट (फटी बुजवायचा मसाला) भरा आणि वाळायच्या आत ओल्या स्पंजनं पुसा, एकदा वाळलं की खरवडत बसाल.

काम दिवाळीनंतर काढा. वीटकाम-प्लास्टरला आठवडाभर पाणी मारायला लागतंच, उन्हाळ्यात केलं तर जास्त वेळा मारायला लागतं.