फुल टाइमवरून पार्ट टाइम: मेट्रनशी कसं बोलावं आणि कागदावर काय घ्यावं

सहा तासांची मॉर्निंग, सहा तासांची इव्हनिंग आणि बारा तासांची नाईट. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारकडच्या बऱ्याच खासगी हॉस्पिटलांत ड्युटी लिस्ट अशीच बसवलेली असते. तिच्यात अर्धवेळ सिस्टरसाठी जागा आधीपासून नसते, ती कुणीतरी करावी लागते. हे काम मेट्रनवर, म्हणजे सगळ्या सिस्टरच्या प्रमुखावर, सोडलं की उत्तर येतं 'बघू', आणि या 'बघू'चा अर्थ सगळ्या सिस्टरना ठाऊक असतो. म्हणून रिकाम्या पडणाऱ्या ड्युट्यांचा बंदोबस्त आधी करायचा, विनंती नंतर, आणि होकार आला की लगेच कागद.

जिल्हा रुग्णालय, सरकारी मेडिकल कॉलेज किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कायम सिस्टरना हा रस्ता नाही. तिथलं पद पूर्णवेळच असतं. त्यांना मुलांसाठी वेळ हवा असेल तर राज्य शासनाची बालसंगोपन रजा आहे, संपूर्ण सेवेत १८० दिवस, अपत्य १८ वर्षांचं होईपर्यंत. पुढचं सगळं खासगी आणि ट्रस्टच्या हॉस्पिटलांत काम करणाऱ्यांसाठी.

१. आधी ठरवा: दिवस कमी की तास कमी

अमळनेर, पाचोरा, एरंडोलहून जळगावला अप-डाऊन करणारीला साहजिकच दिवस कमी हवे असतात. आठवड्यात तीन दिवस यायचं, पण पूर्ण ड्युटी करायची. शहरातच राहणारीला रोज चार तास परवडतात. सोयीचा विचार सगळ्याच करतात, पण दिवसांच्या मोजणीचा विचार सहसा कुणी करत नाही आणि नुकसान तिथेच होतं.

ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेसाठी, सलग सेवा मोजताना वाद झाला की वर्षाला २४० दिवसांचा निकष पुढे येतो. आठवड्याला तीन दिवस म्हणजे वर्षाला १५६ दिवस. पाच दिवस केले तर २६०. ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा) आजारपणाचा भत्ता मिळायला एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. तीन दिवसांचा आठवडा धरून २६ आठवड्यांचे बरोबर ७८ होतात. म्हणजे एक दिवस ताप आला आणि रोजाने पगार असेल, तर गणित तिथेच फसलं. महिन्याच्या पगारावर असणारीचे साप्ताहिक सुट्टीचे पगारी दिवसही धरले जातात, त्यामुळे तिला ही अडचण येत नाही. बाळंतपणाचा बेत असेल तर प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. हा आकडा तीन दिवसांच्या आठवड्यातही सहज पुरा होतो.

तेव्हा जमत असेल तर पाच दिवस कमी तास, आणि प्रवासामुळे तीनच दिवस जमणार असतील तर 'पर डे' नको, महिन्याचा ठरलेला पगार मागा.

२. पगार किती उरेल

समजा हातात महिन्याला २२,००० येतात आणि २६ ड्युट्या होतात. तुम्हाला १५ करायच्या आहेत. एका ड्युटीचा दर २२,००० भागिले २६, म्हणजे ८४६ रुपये, आणि १५ ड्युट्यांचे साधारण १२,६९२. अकाउंटंटने ३० ने भागलं तर हाच आकडा ११,००० होतो. दरमहा जवळजवळ सतराशेचा फरक! भागाकार कशाने होणार हे आधीच विचारा. बारा तासांची नाईट एक ड्युटी धरतात की दोन, हेही.

पूर्ण पगार २१,००० च्या वर असल्यामुळे ईएसआयबाहेर असाल आणि नवा पगार त्याखाली आला, तर हॉस्पिटलला ईएसआय लागू असल्यास पगारातून ०.७५ टक्के कपात सुरू होईल. १२,६९२ वर ती ९५ रुपयांच्या आसपास बसते. त्या बदल्यात घरच्यांनाही उपचार मिळतात, त्यामुळे याला तोटा म्हणता येणार नाही. पीएफचं मात्र नीट पाहा. मूळ पगार घटला की १२ टक्क्यांची रक्कम घटते, पण तास कमी झाले म्हणून पीएफ बंद होत नाही. 'पार्ट टाइमवाल्यांना पीएफ नसतो' असं ऑफिसात कुणी म्हणालं तर ते चूक आहे.

३. रिकाम्या ड्युट्या कोण करणार

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मागच्या तीन महिन्यांच्या ड्युटी लिस्टचे फोटो काढा. तुमच्या २६ ड्युट्यांत मॉर्निंग किती, इव्हनिंग किती, नाईट किती, हे मोजा. मग १५ ठेवून सोडायच्या ११ ची फोड करा, उदाहरणार्थ पाच मॉर्निंग, चार इव्हनिंग, दोन नाईट. आता प्रत्येकीपुढे नाव लिहायचंय.

नावं कुठून आणायची? वॉर्डात जादा ड्युटी हवी असलेली एखादी तरी सिस्टर असते, घराचा हप्ता किंवा मुलांची फी चालू असलेली. दुसरी शक्यता म्हणजे लग्नानंतर किंवा बाळंतपणानंतर नोकरी सोडलेली, पण रजिस्ट्रेशन चालू असलेली जुनी सहकारी. दोघी मिळून एक पद भरत असाल तर मेट्रनला ते सांभाळायला सोपं जातं. नर्सिंगच्या विद्यार्थिनींची नावं यादीत घालू नका, त्यांच्या भरवशावर वॉर्ड सोडता येत नाही. आयसीयूत असाल तर तुमच्या जागी आयसीयूचा अनुभव असलेलीच लागेल. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एक सिस्टर स्वतंत्र द्यावी लागते, तिथे जनरल वॉर्डातली कुणीही चालत नाही.

नाईटचा प्रश्न टाळू नका. पार्ट टाइमच्या अर्जावर वॉर्डात जी कुरकुर होते ती पगारावरून होत नाही. 'तिला नाईट नाही, मग आमच्या वाढल्या' यावरून होते. महिन्याला निदान दोन नाईट आणि एक रविवार स्वतःकडे ठेवला की निम्मा विरोध मावळतो. अजिबातच नाईट जमणार नसेल तर वॉर्डात हट्ट धरण्यापेक्षा ओपीडी, डायलिसिस किंवा लसीकरणाकडे बदली मागून तिथे तास कमी करून घेणं सोपं.

४. कधी विचारावं

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) तोंडावर नको. माहेरी जाण्यासाठी अर्ध्या वॉर्डाचे रजेचे अर्ज तेव्हा आधीच पडलेले असतात, वर उन्हाळ्यातले उष्माघाताचे पेशंट. जुलै ते ऑक्टोबर डेंग्यू, मलेरिया, गॅस्ट्रोने वॉर्ड भरलेले, त्यातच श्रावणात कानबाईच्या उत्सवाची सुट्टी मागणाऱ्या. सरकारी भरतीचा निकाल लागून दोन-तीन सिस्टर एकदम सोडून गेल्या असतील किंवा एनएबीएचची (हॉस्पिटलच्या दर्जाची मान्यता) तपासणी जवळ असेल, तरीही थांबा. जानेवारी-फेब्रुवारी बरा.

बहुतेक ठिकाणी पुढच्या महिन्याची लिस्ट चालू महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात लागते, म्हणून १० ते २० तारखेच्या मधे भेटा. ओव्हर देण्या-घेण्याच्या वेळी (शिफ्ट बदलताना) किंवा राऊंड चालू असताना विषय काढू नका. दुपारी तीनच्या सुमाराला मेट्रनच्या टेबलावर थोडी शांतता असते. वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टरला आदल्या दिवशी सांगून ठेवा. तिला डावलून वर गेल्याचा राग पुढे लिस्टमधून निघतो.

५. बोलणं

पाच मिनिटांत संपेल असं बोला. घरची अडचण एका वाक्यात सांगा. सासूबाईंचं डायलिसिस असो, मुलाची दहावी असो की स्वतःचं कंबरदुखणं, तपशिलात शिरलं की त्यावर उपाय सुचवणं सुरू होतं आणि मूळ मागणी बाजूला पडते. साधारण असं:

'मॅडम, घरच्या कारणाने मला पुढच्या महिन्यापासून २६ ऐवजी १५ ड्युट्या करायच्या आहेत. उरलेल्या अकरांची सोय या कागदावर लिहून आणली आहे, ज्यांची नावं आहेत त्यांच्याशी बोलले आहे. दोन नाईट आणि एक रविवार मी करणारच. तीन महिने करून पाहू, नाही जमलं तर मी परत फुल टाइमला येते.'

'आज तुला दिलं तर उद्या सगळ्या मागतील' हे उत्तर येणारच. त्यावर आपल्या कामाची थोरवी सांगत बसू नका. 'माझ्या ड्युट्यांची सोय मी करून आणली, मॅडम. पुढे कुणी मागितलं तर तिलाही हीच अट घाला' एवढं म्हणा. यात मेट्रनला एक नियम हाती मिळतो आणि तिचं वजन कायम राहतं. 'मला अधिकार नाही, डॉक्टरसाहेबांना विचारावं लागेल' असं म्हणाल्या तर ते बहुधा खरंच असतं. तीस-चाळीस खाटांच्या हॉस्पिटलात अखेरचा शब्द मालक डॉक्टरांचा किंवा हॉस्पिटलचा हिशोब पाहणाऱ्या त्यांच्या घरच्या मॅडमचा. तेव्हा तो कागद मेट्रनकडेच द्या म्हणजे त्या वर घेऊन जातील. तुम्ही परस्पर केबिनमध्ये जाऊ नका.

नोकरी सोडण्याची धमकी शेवटपर्यंत नको. ती दिलीच तर खरी करायची तयारी ठेवून.

६. अर्ज

तोंडी होकारानंतर दोन दिवसांत लेखी अर्ज द्या, दोन प्रतींत. एका प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का घेऊन ती घरी ठेवा. मजकूर एवढा पुरे:

'प्रति, मा. व्यवस्थापक, मार्फत मा. मेट्रन. विषय: पूर्णवेळ ऐवजी अर्धवेळ काम करण्यास परवानगी मिळणेबाबत. मी आपल्याकडे अमुक तारखेपासून सलग सेवेत आहे. कौटुंबिक कारणास्तव अमुक तारखेपासून महिन्याला १५ ड्युट्या करण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. माझी आजवरची सेवा खंडित न करता सलग धरावी. सोबत ड्युट्यांच्या पर्यायी व्यवस्थेचा तक्ता जोडला आहे. तीन महिन्यांनी आढावा घेऊन पुढील निर्णय व्हावा.'

'सेवा खंडित न करता' हे शब्द गाळू नका.

७. राजीनाम्याचा सापळा आणि ग्रॅच्युइटी

बऱ्याच ऑफिसांना सोपी वाटणारी वाट अशी: 'तुम्ही राजीनामा द्या, पहिल्या तारखेपासून पार्ट टाइमवर नव्याने घेतो.' नाही म्हणा. पाच वर्षं भरली नसतील तर ग्रॅच्युइटीचा हक्कच जातो आणि घड्याळ शून्यापासून सुरू होतं. शिल्लक रजा आणि सीनियॉरिटी जाते ती वेगळीच.

पाच वर्षं झाली असतील तर अडचण उलटी येते. ग्रॅच्युइटी अखेरच्या पगारावर निघते: मूळ पगार आणि महागाई भत्ता गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. सहा वर्षं झालेल्या आणि १८,००० मूळ पगार असलेल्या सिस्टरचे आज ६२,३०८ रुपये होतात. ती ९,००० वर आली आणि आणखी दोन वर्षांनी सोडून गेली, तर ऑफिस ९,००० वर आठ वर्षं लावून ४१,५३८ काढेल. दोन वर्षं जास्त काम करून वीस हजार कमी! अपंगत्व आल्याने कमी पगारावर काम करावं लागलं तर आधीची वर्षं जुन्या पगाराने मोजायची, असं कायदा सांगतो. स्वखुशीने तास कमी करणारीसाठी तशी तरतूद नाही, म्हणून ती मागून घ्यावी लागते. ऑर्डरमध्ये एक ओळ टाकून घ्या: 'अमुक तारखेपर्यंतच्या पूर्णवेळ सेवेची ग्रॅच्युइटी त्या तारखेच्या वेतनावर मोजली जाईल.' वरच्या उदाहरणात या एका ओळीने ७२,६९२ मिळतात. मालक या ओळीला तयार नसतील तर पाच वर्षं पूर्ण झालेल्यांनी राजीनाम्याचा विचार करायला हरकत नाही, पण आधीची रक्कम चेकने हातात आल्यावरच.

पेन्शनचंही असंच आहे. पीएफच्या पेन्शनचा हिशोब अखेरच्या ६० महिन्यांच्या सरासरी वेतनावर होतो. निवृत्ती पाच-सात वर्षांवर आलेल्या सिस्टरनी हा आकडा काढून पाहिल्याशिवाय अर्ज करू नये.

ऑर्डरमध्ये सुरुवातीची तारीख, महिन्याच्या ड्युट्या किंवा तास, नवा मूळ पगार, रजा किती, जादा ड्युटीचा दर, आढाव्याची तारीख आणि फुल टाइमवर परत येण्याची सोय, एवढं असावं. बाहेर होम नर्सिंग करायचा विचार असेल तर तशी मुभाही लिहून घ्या. जुन्या नेमणूक पत्रात 'दुसरीकडे काम करणार नाही' असं कलम बऱ्याचदा असतं.

८. पहिले तीन महिने

पहिल्या पगाराची स्लिप घेऊन भागाकार तपासा. पुढच्या महिन्यात पीएफचं पासबुक उघडा. वर्गणी आली का, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच आहे का, आणि नोकरी सोडल्याची तारीख चुकून भरली गेली नाही ना, हे पाहा. ती भरली गेली असेल तर लगेच अर्ज करून दुरुस्त करून घ्या.

नेहमी बिघडतं ते ड्युट्यांच्या संख्येत. ग्रुपवर रात्री मेसेज येतो, 'उद्या मॉर्निंगला कोणी आहे का?' आणि पार्ट टाइमवाली घरीच असणार असं सगळे धरून चालतात. पंधराच्या अठरा होतात, अठराच्या एकवीस, पगार पंधराचाच. किती जादा ड्युट्या घ्यायच्या ते आधीच ठरवा, महिन्याला दोन म्हटलं तर दोनच. प्रत्येक ड्युटीची तारीख आणि येण्या-जाण्याची वेळ एका डायरीत लिहा आणि महिन्याअखेर त्या पानावर इनचार्जची सही घ्या. आढाव्याच्या दिवशी तीच डायरी मेट्रनपुढे ठेवा: ठरलेल्या किती केल्या, जादा किती केल्या, तुमच्या जागेवरची एखादी ड्युटी रिकामी गेली का. गेली असेल तर कोणत्या शिफ्टची, आणि पुढच्या तीन महिन्यांसाठी तिथे कुणाचं नाव घालता येईल, ते सोबत लिहून न्या.