पैदाशीसाठी कोंबडा आणि तलंगा कशा निवडाव्यात: बांधा, पीस आणि अंड्याचा रंग

गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी कोंबडा घेणारं गिऱ्हाईक आधी पिसांचा रंग बघतं, मग हातात धरून वजनाचा अंदाज घेतं. त्याला तेवढं पुरतं. पैदाशीसाठी कोंबडा घेणाऱ्याने मात्र आणखी एक प्रश्न विचारावा, विकणाऱ्याला तो विचित्र वाटला तरी: याची आई कसली अंडी घालते?

अंड्याचा रंग पिल्लाला आईइतकाच बापाकडूनही मिळतो, आणि बापाच्या अंगावर त्याची खूण शोधून सापडत नाही. रंगीत, उंचापुरा, रुबाबदार कोंबडा आणून वर्षभरात सगळ्या कळपाची अंडी फिकी करून टाकणं सहज शक्य आहे.

आधी क्रम ठरवा

डिचोली-सत्तरीकडच्या घरांत कोंबड्या पाळायची कारणं साधारण तीन. घरची अंडी, पाहुणे आले की शागोती म्हणजे कोंबडीचं मटण, आणि राखणीचा, म्हणजे राखणदार देवाला द्यायचा कोंबडा. तो तांबडाच हवा किंवा काळाच हवा असं सांगून नेणारे असतात. तिन्ही गोष्टी एकदम सुधारायच्या म्हटल्या तर हिशेब अंगावर येतो. समजा रंगाने चारांतली एक पसंत पडते, बांध्याने चारांतली एक आणि अंड्यानेही चारांतली एक. तिन्हींत उतरणारी तलंग (अंड्यावर येऊ घातलेली तरुण कोंबडी) मग चौसष्टांत एक. परसात चौसष्ट तलंगा वाढवणार कोण? म्हणून एक गोष्ट पहिली धरा, दुसरी जमेल तशी, तिसरीकडे दोन वर्षं कानाडोळा करा. माझा क्रम असा: बांधा आणि तब्येत, मग अंडं, पीस शेवटी. राखणीच्या कोंबड्यांवरच ज्याचे चार पैसे सुटतात त्याने पीस वर घ्यावं, पण वाकड्या छातीचा कोंबडा नुसत्या रंगासाठी ठेवू नये.

बाप कोण, आई कोण

वाड्यावर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीच्या पिल्लांचा बाप शेजाऱ्याचाही असू शकतो. एकदा संग झाल्यावर कोंबडी दोन-तीन आठवडे फलित अंडी घालू शकते. त्यामुळे जाळी मारून कळप वेगळा केला की पहिले तीन आठवडे अंडी खाण्यासाठी वापरा, उबवायला ठेवू नका. आठ ते दहा कोंबड्यांना एक कोंबडा बास. दोन कोंबडे ठेवलेत तर भांडणं तर होतातच, शिवाय बाप कोण हा घोळ पुन्हा उभा राहतो.

प्रत्येकीच्या पायात वेगळ्या रंगाची प्लास्टिकची रिंग घाला. कुठलं अंडं कुणाचं हे कळायला जुन्या बायका सकाळी खुराडं उघडण्याआधी बोटाने चाचपून बघतात आणि अंड्यावर असलेलीला डालग्याखाली झाकतात. खात्रीची पद्धत तीच. दुसरी युक्ती केकात घालतात त्या खायच्या रंगाची: संध्याकाळी कोंबडीच्या अंडं घालायच्या जागेला बोटाने थोडा रंग लावायचा, सकाळी अंड्यावर त्याचा फराटा उठतो. दोघी-तिघींना वेगवेगळे रंग लावले की एकाच दिवसात तिघींचा निकाल लागतो. अंड्यावर पेन्सिलीने रिंगचा रंग आणि तारीख लिहा. शाईचं पेन नको.

हातात घेऊन बघा

कोंबडी लांबून बघून निवडता येत नाही. अंधार पडला, सगळ्या खुराड्यात शिरल्या की एकेक उचला. तेव्हा त्या धडपड करत नाहीत. छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. ते सरळ हवं. वाकलेलं किंवा खाच पडलेलं असेल तर ती पैदाशीतून बाद. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असावं, हाड सुरीच्या धारेसारखं टोचू नये. मग शेपटीखाली, अंडं बाहेर येतं त्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडं लागतात. अंड्यावर असलेल्या कोंबडीची ही हाडं पातळ आणि लवचीक असतात, त्यांच्यामध्ये निदान दोन बोटं मावतात. जेमतेम एक बोट जात असेल तर तिने अंडी घालणं थांबवलंय किंवा सुरूच केलेलं नाही.

पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत आणखी एक पुरावा मिळतो. अंडी सुरू झाली की अंगातला पिवळा रंग बलकात जाऊ लागतो आणि शरीर ठरावीक क्रमाने फिकं होतं: आधी अंडं घालायची जागा, मग डोळ्याची कड, मग चोच मुळाकडून टोकाकडे, आणि सर्वांत शेवटी पायाच्या नळ्या. पाय पांढुरके झालेली, पिसं विस्कटलेली, जरा गबाळी दिसणारी कोंबडी बहुतेक वेळा कळपातली सर्वांत कष्टाळू निघते. पिवळेधमक पाय आणि तकतकीत पिसं मिरवणारी फुकट खात असते. काळ्या किंवा राखाडी पायांवर ही खूण दिसत नाही, तिथे हाडांच्या अंतरावरच भिस्त.

कोंबड्यात बोटं सरळ, चोच वर-खाली बरोबर मिटणारी, डोळा चमकदार आणि तुरा लालभडक बघा. दाणे टाकले की चांगला कोंबडा कुटकुट करून कोंबड्यांना बोलावतो, आधी आपण गिळत नाही. शागोतीसाठी पैदास असेल तर भावंडांना आठव्या आणि बाराव्या आठवड्यात तराजूवर घाला, कारण डोळ्यांना पिसांचा फुगारा फसवतो.

इथे वनराज-गिरिराज या संकरित कोंबड्यांचा विषय काढावाच लागतो. जुन्या गोव्यातल्या एला इथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची किनारी शेतीची संस्था आहे. परसातल्या कोंबड्यांविषयी काही अडलं तर तिथे विचारता येतं. वनराज हैदराबादला, गिरिराज बंगळुरूला तयार झाला. हे पक्षी संकरातून येतात, त्यामुळे त्यांच्यातला कोंबडा ठेवून पैदास केली की पुढची पिढी एकसारखी निघत नाही. गावठीत त्यांचं रक्त घातलं की वजन वाढतं, पण खुडूक होण्याची, म्हणजे अंडी उबवायला बसण्याची सवय कमी होते. मग पिल्लांसाठी मशीन घ्या. परसातल्या माणसाला हा सौदा परवडतोच असं नाही.

पीस

पिल्लाच्या लवेवरून निर्णय घेऊ नका. पाच-सहा महिन्यांनी मोठेपणीची पिसं आल्यावरच रंग खरा समजतो. रंगीत जोडप्याच्या पोटी अचानक पांढरं पिल्लू आलं तर शेजाऱ्याच्या कोंबड्याला दोष देण्याआधी थांबा. एका प्रकारचा पांढरा रंग दोन्ही आईबापांत लपून राहतो, आणि अशा जोडीच्या साधारण चौथ्या हिश्शाच्या पिल्लांत बाहेर येतो. तो नको असेल तर ते दोघेही पैदाशीतून काढावे लागतात, एकाला काढून भागत नाही.

आडव्या पट्ट्यांच्या कोंबडीवर साधा काळा कोंबडा सोडलात तर पट्टे फक्त मुलग्यांना जातात, आणि त्या नरांच्या डोक्यावर पहिल्या दिवशीच पांढरा ठिपका दिसतो. तलंगा आणि कोंबडे जन्मतः वेगळे करता येतात, ही फुकटची सोय.

बोडक्या मानेची जात काहींना कुरूप वाटते, पण एप्रिल-मेच्या उकाड्यात तिला पिसांचा भार कमी असल्याने सुख असतं. मानेच्या पुढे पिसांचा झुपका राहिला असेल तर हा गुण तिला एकाच बाजूने मिळालाय, पूर्ण बोडकी असेल तर दोन्हीकडून. उलट्या पिसांच्या कोंबड्यांना मात्र आपसांत जोडू नका. दोन्हीकडून तो गुण आलेल्या पिल्लांची पिसं ठिसूळ होऊन झडतात. एक उलट्या पिसांचा, एक साधा, अशीच जोडी ठेवा.

अंड्याचा रंग

कवचाचा तपकिरी रंग कोंबडीच्या गर्भाशयात शेवटच्या काही तासांत वरून चढतो. म्हणून तपकिरी अंडं फोडून आतली पातळ पापुद्र्याची त्वचा सोलली की कवच आतून पांढरं दिसतं. निळं अंडं आतूनही निळंच असतं. निळ्या अंड्यांची म्हणून कुणी महागडी पिल्लं विकायला आला तर त्याच कळपातलं एक अंडं मागून घ्या, फोडा आणि आत बघा. निळा गुण एका बाजूने आला तरी दिसतो; त्यावर तपकिरी चढला की अंडं हिरवट होतं. कडकनाथची अंडी काळी असतात ही थापच. झाबुव्याच्या या जातीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचं मांस काळसर असतं, पण अंडं फिकट तपकिरीच.

तपकिरी रंग अनेक गुणांच्या बेरजेतून ठरतो, त्यामुळे तो पिढीगणिक थोडाथोडाच गडद करता येतो. आणि एकच कोंबडी वर्षभर एकाच रंगाची अंडी घालत नाही: सुरुवातीची गडद, महिने जातील तशी फिकी. कडक ऊन, भीती, सर्दीसारखे आजार यांनीही रंग उतरतो. सगळ्या तलंगांची तुलना करायची तर प्रत्येकीच्या पहिल्या महिन्यातल्या अंड्यांची करा, आणि पुन्हा सहा महिन्यांनी बघा कुणाचा रंग टिकलाय. फोडलेल्या अंड्याचं अर्धं कवच धुऊन, रिंगचा रंग लिहून कपाटात ठेवा. उन्हात ठेवलं तर ते फिकं पडतं. फोटो काढलात तर शेजारी दरवेळी तेच एक जुनं कवच ठेवा, कारण मोबाइल प्रत्येक उजेडात रंग बदलतो.

खाण्याने कवचाचा तपकिरीपणा वाढत नाही. हिरवा पाला खाल्ला की बलक केशरी होतो, आणि तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटून घातल्या की कवच जाड होतं. या दोन गोष्टींवरून पैदाशीची निवड करू नका.

उबवायला कधी

गणेश चवथ झाली, पाऊस ओसरला की. ओल्या जमिनीत पिल्लांना रक्ती हगवण लागते. अंडी आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची, कवचाला चीर नसलेली घ्या. तलंगेची अगदी पहिली, बारकी अंडी खाऊन टाका. साठवताना रुंद टोक वर. एकविसाव्या दिवशी पिल्लं.

पुढचा कोंबडा

मुलीवर बाप आणि बहिणीवर भाऊ असं चालू राहिलं तर अंडी कमी उबतात आणि पिल्लं किरकिरी निघतात. साधारण दर दोन वर्षांनी दुसऱ्या गावचा कोंबडा आणा, तीन आठवडे वेगळा बांधा, मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस टोचून घ्या आणि मगच कळपात सोडा. तो अंड्यांच्या बाबतीत कसा आहे हे खात्रीने कळायला एकच मार्ग: त्याच्या मुलींची अंडी त्यांच्या आयांच्या कवचांशेजारी ठेवून बघणं. त्याला वर्ष लागतं. तोपर्यंत पाहुणे कितीही येवोत, शागोतीला दुसरा कोंबडा बघा.