स्लो कुकरमध्ये मटण आणि भाज्या, चौघांसाठी
ठाण्याहून सकाळची लोकल गाठायची तर कांदे, भाज्या रात्रीच चिरून ठेवा. मटण 750 ग्रॅम, खांद्याचं, हाडासकट. फ्रीजरमधलं गोठलेलं थेट घालू नका.

2 कांदे, 2 चमचे आलं-लसूण वाटण, 2 चमचे घाटी मसाला आणि मटण आधी कढईत खरपूस परता. ही पायरी टाळूच नका, स्लो कुकरच्या मंद आचेवर कांद्याचा कच्चेपणा जात नाही. बटाटे, गाजरं तळाशी, कारण ती उशिरा शिजतात. वर मटण, मीठ, 1 वाटी गरम पाणी. वाफ आतच राहते. जास्त पाण्याने रस्सा पांचट होतो.

'लो'वर 8 तास. मध्ये झाकण उघडलंत तर वेळ वाढतो. मटार शेवटच्या अर्ध्या तासात. तुम्ही बाहेर असताना वीज बराच वेळ गेली असेल, तर मटण टाकून द्या.