ग्रुप राईडची तयारी: आधी फाट्यावर माणूस ठरवा, मग बाकीचं

पावसाळा लागला की सातारच्या कुठल्या तरी ग्रुपवर शनिवारी रात्री 'उद्या कोयना?' असा मेसेज पडतो, खाली दहा-बारा अंगठे उमटतात आणि राईड ठरली असं सगळे समजतात. ठरलेलं काहीच नसतं. किती वाजता निघायचं एवढंच ठरतं आणि तेही कुणी पाळत नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय, पुढच्या वेळी जो राईड काढेल त्यानं हे वाचायचं आणि मला फोन करून परत विचारायचं नाही.

हेल्मेट, लायसन, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी. यावर मी वेळ घालवणार नाही. कागदं डिजिलॉकरमध्ये असली तरी चालतात, फक्त मोबाईलला चार्जिंग असू द्या. हेल्मेट डबलसीट बसणाऱ्याला पण लागतं, कायद्यानं पण आणि डोक्यानं पण, आणि ते आयएसआय मार्कचं, आयएस ४१५१ लिहिलेलं, रस्त्याकडेला मिळणारी प्लास्टिकची वाटी नको. पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट माणसाच्या आधी गटारात जातं.

आता फाट्यावरचा माणूस. गेल्या पावसाळ्यात सगळं केलं होतं, टायरची हवा, चेन, रेनकोट, अगदी नाष्ट्याला कुठं थांबायचं ते पण, आणि हे एकच ठरवायचं राहिलं. शेंद्र्यातून हायवेला लागलो, नागठाणे, अतीत, काशीळ सरळ रस्ता, कोण कुठं आहे याची काळजीच नाही. उंब्रजला पाटणकडं वळायचं. पुढचे वळले. मधल्या दोघांना पुढचे वळलेले दिसलेच नाहीत, मधे एक कंटेनर होता, ते तसेच कराडच्या दिशेनं सुटले. आणि सगळ्यात मागच्याची चेन उतरली होती, तो काशीळच्या अलीकडंच रस्त्याकडेला उभा, आणि पाने होते लीडच्या, म्हणजे सगळ्यात पुढं चालणाऱ्याच्या बॅगेत, जो तोपर्यंत पाटणात मिसळ मागवून बसला होता. सगळ्यांचे फोन खिशात, रेनकोटच्या आत. एका चुकलेल्या फाट्यानं अख्खी सकाळ खाल्ली. कुणाला लागलं नाही हे नशीब.

तर पद्धत अशी. ज्या-ज्या ठिकाणी रस्ता बदलतो, म्हणजे फाटा, तिकाटणं, सर्व्हिस रोडला उतरायची जागा, तिथं लीडनं आपल्या मागच्या गाडीला हात करून कडेला थांबवायचं. तो थांबलेला गडी तिथंच उभा राहणार, इंडिकेटर वळायच्या बाजूचा चालू, गाडी रस्त्याच्या बाहेर, मागून येणाऱ्याला दिसेल अशी. सगळे वळून जाणार. सगळ्यात शेवटची गाडी आली, ती ओळखली, की मग हा निघणार आणि शेवटच्याच्या पुढं लागणार. पुढच्या फाट्यावर आता लीडच्या मागं जो असेल तो थांबणार. असं प्रत्येकाला आलटून पालटून उभं राहावं लागतं, कुणावर अन्याय नाही. यात कुणाला रस्ता माहीत असायची गरज नाही, मॅप बघायची गरज नाही, नेटवर्कची तर अजिबात नाही, आणि कोयनेच्या खोऱ्यात नेटवर्कच्या भरवशावर कुणी राहू नये.

यात दोनच गोष्टींनी घोळ होतो. एक, फाट्यावरचा कंटाळून निघतो. 'पाच मिनिटं झाली, कुणी येईना, म्हटलं गेले असतील दुसरीकडून.' नाही. शेवटची गाडी दिसेपर्यंत तू तिथनं हलायचं नाहीस, पाऊस आला तर भिजायचं, जवळ टपरी असली तरी रस्ता दिसेल असं उभं राहून चहा प्यायचा. दोन, शेवटची गाडी कुठली तेच माहीत नसतं. म्हणून स्वीपला, म्हणजे जो शेवटाला चालणार त्याला, नारिंगी किंवा पोपटी रिफ्लेक्टर जाकीट घाला. रस्त्याच्या कामावरच्या लोकांकडं असतं तसलं, हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतं. ते जाकीट दिसलं तरच फाटा सोडायचा.

आणि फाटे आदल्या दिवशी लिहून काढा. कोयनेसाठी सांगतो: एक उंब्रज, तिथं आधीच हायवे सोडून खाली उतरावं लागतं. तासवडे टोलनाका दिसला म्हणजे फाटा मागं राहिला, पुढच्या सुरक्षित जागेवरनं वळून या, हायवेवर उलट्या दिशेनं यायची अक्कल कुणी वापरू नका. तसंच पुढं कराडला गेलात तरी जग बुडत नाही, तिथनं पण पाटण रस्ता आहे, पण मग स्वीपला कळवा. दुसरा मल्हारपेठ, कराडकडचा रस्ता तिथं येऊन मिळतो. तिसरा हेळवाक, एक रस्ता कोयनानगरकडं आणि एक कुंभार्ली घाटातनं चिपळूणकडं. हेळवाकला चुकलेला माणूस डायरेक्ट कोकणात उतरतो आणि तिथनं फोन करतो, मग त्याला परत घाट चढून यायला लागतो. गावातल्या गावात पण हेच. समर्थ मंदिरापाशी कासवाले यवतेश्वरकडं आणि ठोसेघरवाले बोगद्याकडं, अगदी आपल्याच गावात माणसं फुटलेली बघितलीत मी. फाट्यावर माणूस.

कोण कुठं चालणार हे निघायच्या आधी, गाड्या बंद असताना. लीडला रस्ता पाठ पाहिजे आणि मन शांत पाहिजे, ज्याच्याकडं सगळ्यात मोठी गाडी आहे तो लीड असं काही नसतं. उलट ज्याला सारखं पुढं पळायची खाज आहे त्याला कधीच लीड देऊ नका. लीडच्या लगेच मागं नवीन पोरं आणि लहान गाड्या, कारण रांगेच्या शेवटी असलेल्याला कायम जोरात पळावं लागतं, पुढच्यानं साठ धरलं तर मागचा अंतर भरून काढायला ऐंशी मारतो. स्पीड ठरणार १०० सीसीच्या गाडीवर. बुलेटवाल्याला कंटाळा आला तर त्यानं एकट्यानं यावं दुसऱ्या दिवशी. स्वीप म्हणजे सगळ्यात अनुभवी माणूस, आणि पाने, पंक्चर किट, प्रथमोपचाराची पेटी, दोरी, जादा क्लच वायर हे सगळं स्वीपकडं. लीडकडं नाही! बंद पडलेली गाडी मागं राहते, पुढं नाही जात. दिंडीत कशी पताका पुढं आणि विणेकरी मागं, दोघांच्या मधे सगळे, तसं. पाच ते सात गाड्यांचा एक गट, त्याहून जास्त झाल्या तर दोन गट करा आणि दुसऱ्या गटाचा लीड-स्वीप वेगळा, मधे दहा मिनिटांचं अंतर. पंधरा गाड्यांची एकच रांग म्हणजे मागच्या एसटीला आणि गाड्यांना ओव्हरटेकला जागाच ठेवायची नाही, मग ते मधे घुसतात.

गाडी आदल्या दिवशी बघा, सकाळी पाचला अंधारात बघून काही दिसत नाही. टायर थंड असताना हवा, डबलसीट असेल तर मागच्याला कंपनीनं सांगितली तेवढी जास्त. चेनला तेल आणि ताण, गेल्या वेळची चेन आठवा. ब्रेक लायनर. लाईट, मागचा ब्रेकलाईट खास करून, तो आपल्याला दिसत नाही म्हणून कुणी बघत नाही. ट्यूबलेस असेल तर पंक्चर किटनं भागतं, तारांच्या चाकाला आत ट्यूब असेल तर त्या किटचा उपयोग नाही, तशा गाडीवाल्यानं हे आधीच स्वीपला सांगून ठेवा. टाकी आदल्या दिवशी संध्याकाळी फुल्ल करून या. सकाळी पंपावर बारा गाड्या, त्यात एकाचं यूपीआय चालेना, अर्धा तास तिथंच. आणि पाटणच्या पुढं पंपाच्या आशेवर राहू नका.

हायवेवर रांग तिरकी धरायची. लीड लेनच्या उजव्या अंगाला, दुसरा डाव्या, तिसरा परत उजव्या. आपल्या नाकासमोरच्या गाडीपासून दोन सेकंद, तिरक्या गाडीपासून एक. दोन सेकंद कसे मोजायचे, समोरचा दगडापासून गेला की सावकाश एक-दोन म्हणा, तोपर्यंत तुम्ही दगडापाशी पोचलात तर जास्त जवळ आहात. साठच्या स्पीडला एका सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर जाते, ब्रेक सुचायलाच एक सेकंद लागतो, हिशोब तुमचा तुम्ही करा. पावसात दुप्पट सोडा. घाटात, अरुंद रस्त्याला, खड्ड्यात तिरकी रांग विसरा, एकामागं एक. शेजारी-शेजारी चालवून गप्पा मारणाऱ्यांना काय बोलायचं ते तोंडावर बोलीन. शेंद्र्याच्या पुढं सहापदरीकरणाची कामं चालू असतील तर डायव्हर्जनला खडी आणि चिखल, तिथं लीडनं आधीच स्पीड कमी करायचा, मागच्यांना ब्रेक मारायची वेळ येऊ नये असा.

ओव्हरटेक प्रत्येकानं आपापला. पुढचा गेला म्हणून मी गेलो, हे कारण हॉस्पिटलात सांगतात. पुढच्यानं हात करून 'ये ये' म्हणायचं पण नाही, त्याला दिसलेला रस्ता तुम्ही पोचेपर्यंत तसाच राहत नाही. मागं राहिलात तर राहा ना, पळत सुटायची काय गरज, पुढच्या फाट्यावर माणूस उभा आहे. हाच तर त्याचा फायदा आहे, तो उभा आहे हे माहीत असलं की मागचा माणूस जीव तोडून पळत नाही. आणि आरशात मागची गाडी बघत राहा, दिसेनाशी झाली तर हळू करा, तरी दिसेना तर थांबा, तुम्ही थांबलात की तुमच्या पुढचा थांबेल, असं लीडपर्यंत पोचतं. फोन लागत नसला तरी.

घाट. उतारावर गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करणारे अजून आहेत आपल्यात, पेट्रोल वाचतं म्हणे. ते बंद करा, खालच्या गिअरात उतरा, सारखा ब्रेक दाबून तो तापतो आणि ऐन वळणावर धरत नाही. वळणावर धबधबा दिसला म्हणून तिथंच थांबून फोटो काढायचे नाहीत, मागनं ट्रक येतो त्याला तुम्ही धुक्यात दिसत नाही. धुकं दाट असेल तर हेडलाईट लो बीमवर, हायबीमनं समोर नुसती पांढरी भिंत दिसते. पांढऱ्या पट्ट्यांवर, शेवाळलेल्या कडेवर आणि पुलांच्या लोखंडी जोडांवर पावसात ब्रेक मारू नका. माकडांना काही घालू नका, ती मग रस्त्यावरच बसून राहतात. ओझर्डे धबधब्याला पाय घसरतो, रायडिंग बूट घालून दगडांवर हिरोगिरी नको.

वागणं. गावातनं जाताना हॉर्न आणि सायलेन्सरचा आवाज नको, सकाळी सहाला तिथली माणसं धारा काढत असतात, त्यांची गुरं बुजतात. भात लावणीच्या दिवसांत रस्त्यावर ट्रॅक्टरचा चिखल असणारच, तो त्यांचा रस्ता आहे. बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं आपल्या बॅगेतनं परत. कुणी दारू आणली तर त्याच्या गाडीची किल्ली स्वीपकडं जमा आणि तो डबलसीट येणार, यावर वाद नाही. कासला सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलांच्या सीझनला जाणार असाल तर बुकिंग आणि पार्किंगचे नियम आधी बघा, गाडी पठारावर घालायची नाही.

पडलं कुणी तर: आधी मागची वाहनं थांबवायला एकजण मागं पळा, बाकीच्यांनी गाड्या रस्त्याखाली घ्या, सगळ्यांनी गोळा होऊन मधे उभं राहायचं नाही. १०८ ॲम्ब्युलन्स, ११२ पोलीस, हायवेवर १०३३. जागा सांगता आली पाहिजे, म्हणून किलोमीटरचे दगड वाचत चला. बेशुद्ध असेल तर हेल्मेट ओढून काढू नका, श्वास अडकत असेल तरच, आणि तेही एकानं मान धरून दुसऱ्यानं सावकाश. पाणी पाजू नका. दुसऱ्या कुणाचा अपघात दिसला तर थांबा, मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलंय, 'पोलिसांची झंझट' हे कारण आता सांगू नका. प्रत्येकाचा रक्तगट आणि घरचा एक नंबर कागदावर लिहून खिशात, फोन लॉक असतो.

परतीचं थोडक्यात. जेवण पोटभर नको, झोप येते. चारला निघा, अंधारात घाट नको. परत येताना पण तेच फाटे, तसाच माणूस उभा करायचा, 'आता रस्ता सगळ्यांना माहितीय' म्हणून सोडून देऊ नका, दमलेला माणूस जास्त चुकतो. दिवाळीनंतर गेलात तर उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर चिखलात. रस्त्यावर पडलेल्या उसावर चाक गेलं की घसरतं. व्हायझर पुसायला फडकं. रात्री काळी काच नको.

शेंद्र्याला सगळ्यांनी थांबायचं, मोजायचं, मग घरी. पेट्रोल-नाष्ट्याचा हिशोब दुसऱ्या दिवशी. जाकीट धुऊन स्वीपनं पुढच्या लीडकडं पोचवायचं, ते सध्या कुणाकडं आहे ते सांगा आधी.