गोव्याच्या उकाड्यात ओल्ड एल कशी मुरवायची

ओल्ड एल ही इंग्लंडची दणकट, माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या) अंगाने जाणारी बिअर. अल्कोहोल साधारण साडेपाच ते नऊ टक्के, रंग तांबूस ते गडद तपकिरी, चवीला टॉफी, काकवी, काळे मनुके. यातल्या चढ्या अल्कोहोलच्या बाटल्या वर्षानुवर्षे ठेवून पितात. इंग्लंडात हे काम तळघर फुकटात करते, कारण तिथली जमीन खोलवर वर्षभर दहा-बारा अंशांच्या आसपास राहते. गोव्याची जमीन मात्र सत्तावीस अंशांच्या घरातली. त्यामुळे चिऱ्यांच्या जुन्या घरातली मागची खोली पायाला कितीही गार लागो, तिथे ठेवलेली बिअर मुरत नाही, नुसती शिळी होते.

फेणी वर्षानुवर्षे कपाटात राहते, मग बिअर का नाही? फेणी असते ४२.८ टक्के अल्कोहोलची आणि भाटीवर गाळलेली. साखर, प्रथिने, हॉप्स या फुलांचा कडवटपणा हे तिच्यात काहीच नसते. बिअरमध्ये ते सगळे असते आणि उष्णतेत प्रत्येक घटक आपापल्या वाटेने बदलत जातो. तापमान दहा अंशांनी वाढले की या बदलांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. पण म्हणून कपाटात एका वर्षात चार वर्षांचे मुरणे उरकून घेता येत नाही. उकाड्यात आधी येतो तो ओल्या पुठ्ठ्याचा वास. शेरी या स्पॅनिश वाइनसारखी सुकामेव्याची चव संथ, गार मुरण्यातच नीट उतरते.

कोणती बाटली ठेवायची

लेबलवर तीन गोष्टी बघा. एबीव्ही, म्हणजे अल्कोहोलची टक्केवारी, सातच्या वर हवी, आठच्या वर असेल तर उत्तम. ‘बॉटल कंडिशन्ड’ लिहिलेले असावे, म्हणजे बाटलीत जिवंत यीस्ट आहे आणि आत शिरलेला थोडाफार ऑक्सिजन ते खाऊन टाकते. आणि काच तपकिरी हवी. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून प्रकाश आत गेला की हॉप्सच्या घटकांपासून गंधकाचा उग्र वास तयार होतो, तो पुन्हा जात नाही.

लंडनची फुलर्स व्हिंटेज एल (८.५ टक्के, १९९७ पासून दरवर्षी) सुरुवातीला सगळ्यात सोयीची, कारण लेबलवर वर्ष असते. मँचेस्टरजवळच्या जे. डब्ल्यू. लीजची हार्वेस्ट एल ११.५ टक्क्यांची, ती याहून लांब पल्ल्याची. यॉर्कशरची थिकस्टन ओल्ड पिक्युलियर याच घराण्यातली आणि सुरेख, पण ५.६ टक्क्यांची, ती ताजीच प्यावी. ओल्ड एल हाताला लागली नाही तर बेल्जियमच्या शिमे ब्लूवर (९ टक्के) हीच पद्धत वापरा.

दुकानातल्या ‘स्ट्राँग’ बिअरला मात्र हे लागू नाही. त्या आठ टक्क्यांपर्यंत जातात, पण बहुतेक लेगर (गारव्यात आंबवलेली हलकी बिअर) असतात, तांदूळ-मका-साखरेवर ताकद वाढवलेल्या. मुरायला अंगात माल्टच नसतो. मायक्रोब्रूअरीतून ग्राउलर (बिअर घरी न्यायची मोठी बाटली) भरून आणलात तर तो दोन-तीन दिवसांत संपवा. भरतानाच त्यात भरपूर हवा गेलेली असते.

बाटल्या परदेशातून येणार असतील तर प्रत्येक प्रौढ प्रवाशाला शुल्काशिवाय एकूण दोन लिटर मद्य आणता येते, म्हणजे अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या. इंग्लंडातल्या स्विंडनला कोणी नातेवाईक असेल (गोव्यात असे घर शोधावे लागत नाही) तर चारही बाटल्या एकाच बिअरच्या, एकाच वर्षाच्या मागवा. चार वेगवेगळ्या बाटल्यांमधून मुरण्याबद्दल काहीच कळत नाही. घरात किती बिअर ठेवता येते याला अबकारी खात्याची मर्यादा असते, साठा वाढवण्याआधी ती विचारून घ्या.

फ्रिज तयार करणे

खरी मेहनत इथे आहे. रोजच्या फ्रिजमध्ये चार अंशांवर बिअर बिघडत नाही, पण मुरणे जवळजवळ थांबते, आणि घरातले दिवसातून पन्नास वेळा दार उघडतात ते वेगळेच. कंप्रेसरचा वाइन कूलर असेल तर तो १२ अंशांवर लावा, काम झाले. थर्मोइलेक्ट्रिक कूलर स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. तो खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशांनीच खाली जातो आणि मे महिन्यात हात टेकतो.

सगळ्यात किफायतशीर म्हणजे एक दाराचा जुना फ्रिज आणि एसटीसी-१००० सारखा टेंपरेचर कंट्रोलर, २२० व्होल्टचा.

१. फ्रिजचे स्वतःचे बटण सर्वात थंड खुणेवर ठेवा, म्हणजे ताबा पूर्णपणे कंट्रोलरकडे येतो. फ्रिजचा वीजपुरवठा कंट्रोलरच्या ‘कूलिंग’ रिलेतून जाऊ द्या. ‘हीटिंग’ची जोडणी मोकळी सोडा. जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, आणि अर्थिंग आहे ना ते तपासायला सांगा.

२. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये एफ-१ म्हणजे हवे ते तापमान: १२. एफ-२ म्हणजे फरक: १. आता कंप्रेसर १३ ला सुरू होईल आणि १२ ला बंद. एफ-३ म्हणजे दोन चालूंमधली सक्तीची विश्रांती: ५ मिनिटे. ती कमी ठेवली तर वीज जा-ये करताना कंप्रेसर दाबाखालीच पुन्हा सुरू व्हायला बघतो आणि जळतो.

३. सेन्सर हवेत लटकत ठेवू नका. पाण्याने भरलेल्या बाटलीत बुडवून ठेवा. हवेचे तापमान दार उघडताच उडते, कंप्रेसर विनाकारण चालू-बंद होत राहतो. आपल्याला बिअरचे तापमान धरायचे आहे, हवेचे नाही.

४. उरलेल्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरा. पावसाळ्यात वीज गेली की हे पाणीच तापमान धरून ठेवते. दोन-चार तासांत बिअरचे काही बिघडत नाही, फक्त दार उघडून बघत बसू नका. स्टॅबिलायझर लावलेला बरा.

१२ अंशांवर फ्रिजमध्ये बर्फ धरत नाही, पाणी ठिबकते. जून ते सप्टेंबर मागचा ट्रे आठवड्याला रिकामा करा आणि तळाशी कॅल्शियम क्लोराइडचा ओलावा शोषणारा डबा ठेवा, तो भरला की बदला. हे टाळले तर आधी झाकणाच्या कडा गंजतात, मग लेबलवर बुरशी येते. लेबल वाचवायला रद्दीत गुंडाळू नका, रद्दी ओल धरते आणि कसर तिच्यावरच पोसते. त्यापेक्षा क्लिंग फिल्मचा एक वेढा पुरतो. झाकणासाठी मधमाशीचे मेण पाण्याच्या भांड्यावर वितळवून त्यात बाटलीचे तोंड दोन सेंटिमीटर बुडवा. नुसते पॅराफिन थंडीत तडकते.

बाटल्या उभ्याच ठेवायच्या, बुचाच्या असल्या तरी. आडव्या बाटलीत हवेला जास्त पृष्ठभाग मिळतो आणि गाळ कुशीला चिकटतो. मानेतली पातळी दाखवणारा एक फोटो काढा आणि तारीख लिहून ठेवा. पुढे पातळी खाली आलेली दिसली तर झाकण गळते आहे, ती बाटली आधी उघडा.

केव्हा उघडायची

चार बाटल्यांपैकी पहिली आणल्यावर आठवडाभर गाळ बसू देऊन लगेच प्या, टिपणे काढा. दुसरी एका वर्षाने, तिसरी तीन वर्षांनी, चौथी पाच वर्षांनी. पहिली न पिता थांबणारे बरेच असतात, मग पाच वर्षांनी ‘छान आहे’ याखेरीज त्यांना बोलता येत नाही.

पहिल्या वर्षात हॉप्सचा कडवटपणा उतरतो आणि घशाला लागणारी अल्कोहोलची धार बोथट होते. तीन वर्षांच्या आसपास खजूर, मनुका, माडाच्या गुळासारखी खोल गोडी आणि शेरीचा वास वर येतो. त्यापुढे यीस्ट मरून फुटायला लागते आणि सोया सॉसची झाक दिसते. चिमूटभर झाली तर रुचकर, वाढली तर बाटली उतरणीला लागली.

पिताना थंडगार करू नका. १२ अंशांवरची बाटली काढा, ब्रँडीच्या ग्लासात १५० मिली हलक्या हाताने ओता, तळाचा एक सेंटिमीटर बाटलीतच राहू द्या. आपल्या हवेत अर्ध्या तासात ती कोमट होते आणि प्रत्येक दहा मिनिटांनी वास बदलतो, तो बदल टिपा. दोन वेगवेगळ्या वर्षांच्या बाटल्या शेजारी ठेवत असाल तर नवी आधी. बेबिंकाचा पातळ तुकडा किंवा जुने चेडर चीज सोबत घ्या. खारे फरसाण चव मारते.

बिघाड ओळखणे

ओला पुठ्ठा: वाटेत किंवा घरात उष्णता लागली. मानेच्या आत पांढरट कडे आणि उघडताच फेसाचा लोट: आत जंगली यीस्ट किंवा जिवाणू वाढले आहेत. अशी शंका आली की बाटली बाथरूममध्ये, टॉवेल गुंडाळून उघडा. हलका आंबटपणा आणि चामड्याचा वास मात्र दोष समजू नका. ब्रेटानोमायसिस नावाच्या यीस्टचा तो गुण. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्गमध्ये क्लॉसन यांनी १९०४ मध्ये ते मुरवलेल्या इंग्लिश बिअरमधूनच वेगळे काढून दाखवले होते.

सोया सॉसकडे झुकलेली बाटली मटणाच्या रश्शात घालता येते. अर्धा किलोला १०० मिलीच. आटल्यावर कडवटपणा दाट होतो. पुठ्ठ्याच्या वासाची मात्र स्वयंपाकालाही नको, तो वास उकळूनही जात नाही.