आयव्हर्सनला क्रमांक देताना या चुका टाळा

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या सर्वकालीन दिग्गजांची यादी करायला बसलं की पहिली पाच-सहा नावं भराभर उतरतात. ॲलन आयव्हर्सनपाशी आलं की पेन अडतं. सहा फुटांचा गार्ड (चेंडू हाताळणारा, बास्केटपासून दूर खेळणारा खेळाडू), चार मोसमांत गुणांच्या सरासरीत अव्वल, कारकिर्दीत सामन्यामागे २६.७ गुण, पण विजेतेपद एकही नाही. कोणी त्याला पहिल्या विसात बसवतं, कोणी पन्नासातही घेत नाही. दोघांचंही गणित बहुधा त्याच त्या जागी चुकतं.

पहिली चूक म्हणजे ४२.५ टक्के हा त्याच्या नेमबाजीचा आकडा बघून वही मिटणं. २००१ च्या अंतिम फेरीतला त्याच्या फिलाडेल्फिया संघाचा लेकर्सविरुद्धचा पहिला सामना घ्या. ४१ प्रयत्न, १८ यशस्वी. म्हणजे ४४ टक्के, वाईटच दिसतात. पण त्या १८ पैकी तीन तीन-गुणांचे होते, शिवाय नऊच्या नऊ फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे एक-एक गुणाचे मोकळे शॉट) आत. हिशोब असा करा: फ्री थ्रोची संख्या गुणिले ०.४४, म्हणजे इथे साधारण ४. ते ४१ मध्ये मिळवा, ४५ झाले. त्याची दुप्पट ९०. आता ४८ गुणांना ९० ने भागा. ५३ टक्के. यालाच ट्रू शूटिंग म्हणतात, म्हणजे तीन-गुणी शॉट आणि फ्री थ्रोही धरून काढलेली नेमबाजी.

पण हे हत्यार दुधारी आहे. कारकिर्दीचा त्याचा ट्रू शूटिंगचा आकडा जेमतेम ५२ आहे, आणि चाहत्यांनी तो लपवू नये. मात्र त्या फिलाडेल्फियात त्याच्या जोडीला गुण काढणारा होता कोण? एरिक स्नो, ॲरन मकी, डिकेम्बे मुटोम्बो, सगळे बचावाचे गडी. प्रशिक्षक लॅरी ब्राउन यांनी संघच तसा बांधला होता: स्नोने समोरच्या उंच गार्डला अडवायचं आणि आयव्हर्सनने बास्केट शोधायची. कठीण शॉट त्याच्याच वाट्याला येणार, हे ठरलेलंच होतं.

दुसरी चूक काळाची. जुन्या काळातला दिग्गज गार्ड जेरी वेस्ट १९७४ मध्ये निवृत्त झाला, एनबीएत तीन गुणांची रेषा आली १९७९-८० च्या मोसमात. वेस्ट आणि आयव्हर्सनची टक्केवारी शेजारी ठेवून काय कळणार? खुद्द आयव्हर्सनचंच बघा. बचावपटूने हाताने रेटण्यावर २००४-०५ पासून कडक बंदी आली, आणि पुढच्या मोसमात, तिशीत, त्याने सामन्यामागे ३३ गुण काढले. त्याची ती सर्वोच्च सरासरी.

विजेतेपदाच्या अंगठ्या मोजू नका. रॉबर्ट हॉरी या साथीदाराच्या भूमिकेतल्या खेळाडूकडे सात आहेत.

आणि त्याच पहिल्या सामन्यात लेकर्सच्या टायरॉन लूवरून टाकलेली ती ढांग! जादा वेळ, लेकर्सच्या बाकासमोरचा कोपरा, शॉट आत, लू जमिनीवर, आणि आयव्हर्सन त्याच्यावरून पाय उचलून पुढे. अंगावर काटा येतो, मान्य. पण तो सामना फिलाडेल्फियाने जिंकला तरी पुढचे चारही लेकर्सने जिंकले. त्या एका क्षणासाठी कुणालाही पाच जागा वर चढवू नका.

एवढं करूनही अडलात, तर शिखर आणि टिकाव असे दोन रकाने करा. शिखरात २००१ चा एमव्हीपी, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब. टिकावात २००६ च्या डिसेंबरात डेन्व्हरला जाणं, मग डेट्रॉइट, मग मेम्फिसमधले अवघे तीन सामने. दुसरा रकाना त्याला खाली ओढतो.

माझ्या यादीत तो दोन दिग्गज गार्डांच्या मध्ये, ड्वेन वेडच्या खाली आणि स्टीव्ह नॅशच्या वर आहे. नॅशवरून भांडायला मी तयार आहे, वेडवरून नाही.